घराचे दार आणि स्मार्ट कुलूप : बंद करणे यंत्राकडे, उघडणे माणसाकडे

म्हैसूर : बंगळूरु-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे लोकार्पण १२ मार्च २०२३ रोजी झाले आणि ११८ किलोमीटरचे हे अंतर, पूर्वी जे कापायला सुमारे तीन तास लागत, ते सव्वा ते दीड तासावर आले. सेवानिवृत्तांचे शांत शहर असा म्हैसूरचा लौकिक जुना आहे. मुले बंगळूरुत किंवा परदेशात नोकरीला आणि आई-वडील सरस्वतीपुरम, कुवेंपुनगर किंवा जयलक्ष्मीपुरममधील घरात, हे येथील असंख्य कुटुंबांचे चित्र आहे. पुणे, नाशिक, नागपूर किंवा बेळगावमधील मराठी वाचकालाही ते अपरिचित नाही. अशा कुटुंबांपुढे एक साधा प्रश्न वारंवार उभा राहतो : घरात कोणी पडले, आजारी झाले किंवा किल्ली हरवली, तर दार उघडणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून अनेक जण स्मार्ट कुलुपाकडे वळत आहेत. बोटाच्या ठशाने, सांकेतिक अंकांनी किंवा मोबाइलवरून उघडणारे हे कुलूप घरातील दिवे, कॅमेरे, धूरसंवेदक आणि आवाजावर चालणारे सहायक यांच्याशी जोडले की ते स्वयंचलित गृहव्यवस्थेचा भाग बनते. मात्र दिवा चुकून लागला तर थोडी वीज वाया जाते, दार चुकून उघडले तर घरच उघडे पडते आणि दार उघडलेच नाही तर जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणूनच गृहव्यवस्थेतील इतर उपकरणांना लागू होणारे नियम कुलुपाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कुलूप वेगळे, व्यवस्था वेगळी

स्मार्ट कुलूप म्हणजे मुळात नेहमीचेच कुलूप होय. दाराच्या जाडीत बसणारी मॉर्टिस पेटी, चौकटीत शिरणारा बोल्ट आणि तो सरकवणारी यंत्रणा हे भाग जुनेच असतात. नवे असते ते छोटे मोटर, त्याला आज्ञा देणारे मंडल आणि ओळख पटवणारे साधन : अंकांचा कळफलक, ठसा वाचणारी पट्टी, कार्ड किंवा मोबाइल. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलुपांचा कारखाना सुरू केला, त्या काळापासून भारतीय घरांनी कुलुपाची पारख त्याच्या पोलादावरून केली. आजही दार फोडण्याच्या प्रयत्नाला तोंड द्यावे लागते ते बोल्ट, चौकट आणि बिजागरी यांनाच. निकृष्ट चौकटीवर बसवलेले महागडे इलेक्ट्रॉनिक कुलूप सुरक्षा देत नाही.

भारतीय संदर्भात या कुलुपाचा एक लाभ मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. कडी-कोयंड्याला लटकणारे कुलूप घर बंद असल्याची जाहिरात रस्त्यावरून करत असते. दारात बसवलेले कुलूप, मग ते साधे असो वा स्मार्ट, ही खूण देत नाही. दसऱ्याच्या दिवसांत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या कुटुंबांसाठी हा फरक मोलाचा आहे.

कुलूप स्वतःच्या सेलवर, कोणत्याही जाळ्याशिवाय चालू शकते. गृहव्यवस्था त्यात तीन गोष्टींची भर घालते : दुरून दाराची स्थिती पाहणे, ठरलेल्या घटनेनंतर आपोआप कृती होणे आणि कोण केव्हा आले याची नोंद राहणे. या तिन्हींपैकी आपल्याला नेमके काय हवे आहे, हे खरेदीपूर्वी ठरवले तर पुढील बहुतेक प्रश्न सुटतात. केवळ किल्ली बाळगण्याचा त्रास वाचवायचा असेल, तर जाळ्याशी जोडणी न करता कळफलकाचे कुलूप पुरते.

संदेश कोणत्या मार्गाने जातो

कुलूप आणि उर्वरित घर यांच्यातील बिनतारी संवादाचे मार्ग अनेक आहेत. ब्लूटूथ कमी वीज घेते, परंतु त्याचा पल्ला काही मीटरचाच असतो. दुरून वापरण्यासाठी घरात जोडयंत्र ठेवावे लागते. वाय-फाय थेट इंटरनेटशी जोडते, मात्र सेल लवकर संपवते. झिग्बी आणि झेड-वेव्ह ही कमी विजेवर चालणारी जाळी आहेत. त्यांतील विजेवर चालणारी उपकरणे एकमेकांचे संदेश पुढे पोहोचवतात. त्यांना मध्यवर्ती हब लागतो.

निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलत नाहीत, ही या क्षेत्राची जुनी अडचण होती. ती दूर करण्यासाठी ‘मॅटर’ या सामाईक मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दाराच्या कुलुपांचा समावेश त्या पहिल्याच आवृत्तीत होता. मॅटर प्रमाणित कुलूप ॲपल, गुगल, ॲमेझॉन किंवा सॅमसंग यांच्या गृहव्यवस्थांशी जोडता येते, एकाच वेळी एकाहून अधिक व्यवस्थांशीही जोडता येते आणि त्याच्या मूलभूत आज्ञा घरातील जाळ्यावरच चालतात. मात्र ठशांची नोंदणी किंवा पाहुण्यांचे तात्पुरते संकेतांक यांसारख्या काही सोयी पुष्कळदा निर्मात्याच्या ॲपमध्येच राहतात, हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेले कुलूप येथे बसवताना विशेष सावधगिरी हवी. झेड-वेव्ह उपकरणे अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. भारतात ही कंप्रता परवानामुक्त नाही. ती मोबाइल सेवेच्या पट्ट्यात येते. येथील झेड-वेव्ह उपकरणे ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. ब्लूटूथ, झिग्बी, थ्रेड आणि नेहमीचे वाय-फाय यांचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र दोन्हीकडे खुला आहे. शिवाय अमेरिकी कुलुपे दारातील मोठ्या गोल छिद्रात बसण्यासाठी बनवलेली असतात. भारतीय दारातील मॉर्टिस खाच त्यांना जुळत नाही.

इंटरनेट नसेल तेव्हा

कुलुपाची खरी परीक्षा सर्व काही सुरळीत असताना होत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील लॉकस्टेट या कंपनीने आपल्या एका प्रकारच्या कुलुपांना दुसऱ्याच प्रकारासाठी असलेले अद्ययावत सॉफ्टवेअर पाठवले आणि सुमारे पाचशे कुलुपे निकामी झाली. त्यांपैकी अनेक कुलुपे प्रवाशांना घरे भाड्याने देणाऱ्यांच्या दारांवर होती. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या गृहव्यवस्था कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले आणि ग्राहकांची ॲपे निरुपयोगी झाली. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील क्लाउड केंद्रात बिघाड झाला, तेव्हा अलेक्सा आणि रिंग यांसारख्या घरगुती सेवाही विस्कळीत झाल्या.

या तिन्ही घटनांचा बोध एकच आहे. दार उघडण्याची आज्ञा घरातून निघून सातासमुद्रापलीकडील सर्व्हरवर जाऊन परत येत असेल, तर त्या साखळीतील प्रत्येक दुवा हा घराच्या दाराचाच भाग ठरतो. म्हणून कुलूप असे निवडावे, की कळफलक, ठसा आणि धातूची किल्ली ही साधने इंटरनेटविना, राउटरविना आणि घरातील विजेविना चालावीत. गृहव्यवस्थाही शक्यतो घरातच चालणारी असावी. २०१३ मध्ये सुरू झालेली आणि मुक्त स्रोतावर आधारित ‘होम असिस्टंट’ ही प्रणाली घरातील छोट्या संगणकावर चालते. तिचे नियम इंटरनेट नसतानाही काम करतात. मात्र तिची मांडणी आणि देखभाल करणारी जाणकार व्यक्ती घरात किंवा जवळपास असावी लागते.

म्हैसूर परिसराला चामुंडेश्वरी वीजपुरवठा निगमाकडून वीज मिळते. देशातील कोणत्याही शहराप्रमाणे येथेही वळवाच्या पावसात वीज जाते. कुलूप सेलवर असल्याने सुरूच राहते. पण राउटर आणि हब बंद पडले की दुरून दार पाहता येत नाही. ही दोन उपकरणे इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेणे हा अल्प खर्चाचा आणि सर्वांत उपयुक्त उपाय आहे.

कोणते काम यंत्राला द्यावे

स्वयंचलनाचे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे ठेवले पाहिजेत. दार बंद करण्याचे काम यंत्रावर निर्धास्तपणे सोपवता येते. दार मिटल्यानंतर काही क्षणांनी बोल्ट लागणे, रात्री ठरावीक वेळी कुलूप तपासून नसेल तर लावणे, घरातील शेवटची व्यक्ती बाहेर पडताच कुलूप लागून गिझर, पंखे व दिवे बंद होणे, हे नियम उपयुक्त आहेत. त्यासाठी दाराच्या चौकटीवर चुंबकीय संवेदक असणे अगत्याचे आहे. अन्यथा दार उघडे असतानाच बोल्ट बाहेर येतो, चौकटीवर आपटतो आणि व्यवस्था मात्र दार बंद असल्याचे सांगते.

दार उघडण्याचा निर्णय मात्र माणसाकडेच राहिला पाहिजे. मोबाइल घराजवळ आला की दार आपोआप उघडावे, ही सोय आकर्षक वाटते. परंतु उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत काही मीटरची चूक सहज होते आणि चोरीला गेलेला मोबाइलही घराजवळ येऊ शकतो. मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा संस्थेच्या संशोधकाने दाखवून दिले, की दूर असलेल्या मोबाइलचा ब्लूटूथ संदेश मधल्या उपकरणांद्वारे पुढे पाठवून तो जवळच असल्याचा भास निर्माण करता येतो. या पद्धतीने काही घरगुती कुलुपे आणि टेस्ला मोटारही उघडता आली. जवळ असणे म्हणजे ओळख पटणे नव्हे.

आवाजाच्या आज्ञेबाबतही हेच लागू पडते. खिडकीतून मोठ्याने दिलेली आज्ञा सहायक ऐकू शकतो. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि टोकियोतील संशोधकांनी तर लेसर किरण मायक्रोफोनवर पाडून, आवाज न करताच, अशा सहायकांना आज्ञा देता येतात हे सिद्ध केले. आवाजाने दार उघडण्याची सोय बंद ठेवणे उत्तम. ठेवायचीच असेल तर बोलून सांगायचा स्वतंत्र पिन अनिवार्य करावा.

या नियमाला एकच अपवाद विचारात घेण्याजोगा आहे, तो आगीचा. धूरसंवेदक वाजताच कुलूप उघडून दिवे लावण्याचा नियम करता येतो. तथापि त्यावर विसंबून राहू नये. बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. आतील मूठ फिरवताच, सेल संपलेले असले तरी, दार उघडणारे कुलूप निवडणे हाच या तत्त्वाचा घरगुती अर्थ होय.

आतल्या कडीचा प्रश्न

ज्या हेतूने बहुतेक कुटुंबे हे कुलूप घेतात, तो हेतू एका जुन्या सवयीपाशी अडतो. म्हैसूरच्या जुन्या घरांत दोन फळ्यांचे भक्कम लाकडी दार असते आणि त्याला आतून कडी असते. कन्नडमध्ये तिला ‘चिलक’ म्हणतात. नव्या सदनिकांतही आतून वर-खाली सरकणारा बोल्ट असतोच. रात्री झोपताना वृद्ध माणसे तो न चुकता लावतात. तो लावल्यावर बंगळूरुतील मुलाने मोबाइलवरून कुलूप उघडले काय आणि न उघडले काय, दार हलत नाही. व्यवस्था ‘कुलूप उघडले’ असे दाखवते. शेजारी मात्र बाहेरच उभे राहतात.

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. ते कुटुंबाने बोलून शोधावे लागते. आई-वडिलांना आतली कडी काढून टाका असे सांगणे म्हणजे त्यांच्या मनातील सुरक्षिततेची भावनाच काढून घेणे. त्याऐवजी कुलुपाचाच बोल्ट आतून दुप्पट लागतो, तो लागल्याचा आवाज येतो आणि खूण दिसते, हे त्यांना दाखवून त्याची सवय होईपर्यंत वेळ देणे योग्य. काही कुलुपांना आतून दाबायचा ‘खासगी’ खटकाही असतो; तो लावला की बाहेरचे संकेतांक चालत नाहीत. एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या घरी तो वापरू नये.

दुसरी बाब उघडणाऱ्या माणसाची. दूर असलेली व्यक्ती दार उघडू शकते, पण आत जाऊ शकत नाही. विश्वासातील दोन शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवणे, त्यांच्यासाठी स्वतंत्र संकेतांक राखणे आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कोणी संपर्क साधायचा हे ठरवणे, ही कुलुपाच्या मांडणीचीच अंगे आहेत. याच नोंदींचा एक सौम्य उपयोगही आहे. रोज सकाळी सातला दूध घेण्यासाठी उघडणारे दार नऊपर्यंत उघडले नाही, तर मुलांना सूचना जावी असा नियम करता येतो. तो आई-वडिलांच्या संमतीनेच करावा. अन्यथा काळजीचे रूपांतर पाळतीत होते.

पाहुणे, भाडेकरू आणि नोंदवही

म्हैसूरच्या गोकुलम भागात अष्टांग योग शिकण्यासाठी देशोदेशीचे विद्यार्थी येतात आणि महिना-दोन महिने खोल्या भाड्याने घेऊन राहतात. अशा घरमालकांना ठरावीक तारखेला आपोआप रद्द होणारा संकेतांक ही खरी सोय आहे. किल्ली परत आली का, तिची प्रत निघाली का, हे प्रश्न उरत नाहीत. घरकामास येणाऱ्या मदतनिसालाही ठरलेल्या वेळेपुरता संकेतांक देता येतो. प्रत्येकाला वेगळा संकेतांक द्यावा. एकच अंक सर्वांना दिला तर नोंदीला अर्थ राहत नाही आणि एकाचा रद्द करताना सर्वांचाच बदलावा लागतो.

मात्र ही नोंद म्हणजे माणसांच्या येण्या-जाण्याचा इतिहास असतो. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या विदा वापरास हा कायदा लागू होत नाही. ग्राहकांची माहिती साठवणाऱ्या कंपन्या मात्र त्याच्या कक्षेत येतात. कायदा घराला सूट देत असला, तरी मदतनीस किंवा भाडेकरू यांना नोंद होत असल्याचे आधी सांगणे हा सभ्यतेचा भाग आहे. बोटांचे ठसे क्लाउडवर न जाता कुलुपातच साठवले जातात ना, याची खातरजमाही करावी. अंक बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

कुलुपातील सॉफ्टवेअरच्या उणिवाही उघड झालेल्या आहेत. २०१६ मध्ये लास वेगासमधील डेफकॉन परिषदेत दोन संशोधकांनी ब्लूटूथवर चालणाऱ्या १६ कुलुपांची चाचणी जाहीर केली. त्यांतील १२ त्यांना उघडता आली आणि काही कुलुपे तर पासवर्ड साध्या मजकुरात पाठवत होती. २०१८ मध्ये टॅपलॉक या कुलुपाची गुप्त किल्ली त्याच्याच जाहीर ब्लूटूथ क्रमांकावरून काढता येते आणि ते दोन सेकंदांच्या आत उघडते, असे आढळले. म्हणून नियमित सुरक्षा अद्यतने देणाऱ्या निर्मात्याचेच कुलूप घ्यावे, खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी आणि कारखान्यातून आलेला मूळ संकेतांक पहिल्याच दिवशी बदलावा.

सेल, बोट आणि सुतार

दैनंदिन वापरात कुलूप अडते ते बहुधा साध्या कारणांनी. बहुतेक कुलुपांना चार किंवा आठ पेन्सिल सेल लागतात. ते अल्कलाइनच असावेत. पुनर्भारित सेलचा दाब १.२ व्होल्ट असल्याने शिल्लक दाखवणारी खूण फसवी ठरते आणि इशारा उशिरा मिळतो. इशाऱ्याची वाट न पाहता सर्व सेल एकदम, ठरावीक सणाला, उदाहरणार्थ पाडव्याला आणि दसऱ्याला बदलण्याचा प्रघात ठेवावा. सेल पूर्ण संपल्यास नऊ व्होल्टचा सेल किंवा चार्जर बाहेरून लावून कुलूप तात्पुरते जागे करण्याची सोय अनेक कुलुपांत असते. तो सेल घरात नव्हे, मोटारीत किंवा शेजाऱ्याकडे असला तरच उपयोगी पडतो. धातूच्या किल्लीलाही हेच लागू.

वयानुसार बोटांवरील रेषा पुसट होतात, स्वयंपाक व धुणी-भांडी यांनी त्या झिजतात, मेंदीनंतर काही दिवस ठसा जुळत नाही. वृद्धांसाठी प्रत्येक हाताची दोन बोटे नोंदवावीत आणि लक्षात राहील असा, पण जन्मतारीख नसलेला, संकेतांकही द्यावा. मोठे, उजळणारे अंक आणि बोलून सांगणारे कुलूप त्यांना सोयीचे पडते.

पावसाळ्यात लाकूड फुगते. हाताने दार ओढून किल्ली फिरवण्याची सवय असलेल्या घरात हे खपून जाते; कुलुपातील छोटे मोटर मात्र तेवढा जोर लावू शकत नाही आणि सेल झपाट्याने संपवते. कुलूप बसवण्यापूर्वी सुताराकडून दार रंधून घेणे आणि चौकटीतील खाच बोल्टाच्या नेमकी समोर आणणे आवश्यक आहे. दाराची जाडी, बाहेरील जाळीच्या दारापासूनचे अंतर आणि पाऊस थेट येतो का, हे आधी मोजावे.

बसवून झाल्यावर एकदा पूर्ण चाचणी घ्यावी. इंटरनेट बंद करून, मग राउटरची वीज काढून, मग कुलुपाचे सेल काढून, प्रत्येक वेळी दार आतून आणि बाहेरून उघडते का ते पाहावे. ही चाचणी मुलांनी न करता त्या घरात राहणाऱ्या आई-वडिलांनी स्वतः करावी. त्यांना ते दार कोणालाही न विचारता उघडता आले, तर कुलूप योग्य निवडले असे समजावे. नसेल, तर गृहव्यवस्था कितीही आधुनिक असली तरी दार अजून त्यांचे झालेले नाही.